अडलेल्या गणिताला सोबत हवी

भीमेच्या खोऱ्यात पाऊस लागला की बारामती-इंदापूरच्या गावांत दोन आकडे तोंडोतोंडी होतात. एक क्युसेकचा: दौंडला आवक किती, वीर धरणातून विसर्ग किती. दुसरा टीएमसीचा: उजनी किती भरली. उजनीची एकूण क्षमता सुमारे 117 टीएमसी आणि त्यातला 63 टीएमसीच्या वर मृतसाठा, हे भिगवण-पळसदेवच्या पारावर कुणालाही विचारावे. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट पाणी आणि टीएमसी म्हणजे 100 कोटी घनफूट. साधारण 11,574 क्युसेकचा प्रवाह चोवीस तास चालला की एक टीएमसी होतो. पण नदी चोवीस तास एकसारखी वाहत नाही. सकाळी आवक कमी असते, घाटात पाऊस झाला की रात्री दुप्पट होते. अशा वेळी एकूण पाणी किती आले हे काढायचे, तर दिवसाचे बारीक तुकडे पाडून प्रत्येक तुकड्यातले पाणी मिळवत जावे लागते. तुकडे जितके बारीक, तितके उत्तर अचूक. या बेरजेचे नाव इंटिग्रेशन. आणि साठ्याच्या बदलत्या आकड्यांवरून पाणी या क्षणाला किती वेगाने चढते आहे हे काढणे, म्हणजे डेरिव्हेटिव्ह. ही दोन्ही कामे कॅल्क्युलसची.

हे आकडे ज्या घरात रोज बोलले जातात, त्याच घरातले सतरा वर्षांचे मूल बारावीच्या कॅल्क्युलसपुढे मुके होते. दहावीत गणितात नव्वदच्या पुढे मार्क पडलेले असतात. गावात सत्कार झालेला असतो. लासुर्णे, सणसर, निमगाव केतकीहून एसटीने बारामतीला येऊन ते अकरावी सायन्सला बसते, आणि वर्षभरात त्याची वही कोरी राहू लागते. घरच्यांना कळते ते सहामाहीच्या निकालानंतर, म्हणजे नेमके दिवाळीच्या तोंडावर. मग ऊसबिलातून आणखी एका क्लासची फी भरली जाते. माझे म्हणणे असे की आपण या मुलाला ज्या गोष्टी वाढवून देतो, त्यांची त्याच्याकडे कमतरता नसते. क्लास असतो, नोट्स असतात, मोबाइलवर व्हिडिओ असतात. नसते ती सोबत. ज्याच्यापुढे अर्धवट कळलेले मोठ्याने बोलता येईल असे माणूस त्याला मिळत नाही.

आधी अडचण कुठून येते ते पाहू. अकरावीच्या गणिताच्या दुसऱ्या भागात फंक्शन, लिमिट, कंटिन्युइटी आणि डिफरन्सिएशन ही प्रकरणे शेवटी आहेत. कॅल्क्युलसचा पाया वर्ष संपता संपता घाईत घातला जातो. एमएचटी-सीईटीत अकरावीला वाटा वीस टक्के आणि बारावीला ऐंशी, म्हणून अकरावी हलकी घ्यायची हा हिशेबही मुले ऐकत असतात. बारावीच्या दुसऱ्या भागात आठ प्रकरणे आहेत आणि त्यांतली पहिली सहा कॅल्क्युलसची. पाया कच्चा आणि वर सहा मजले. शिवाय मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला हे सगळे पहिल्यांदाच इंग्रजीत भेटते. त्यावर सीईटीचा वेग: 90 मिनिटांत गणिताचे 50 प्रश्न, एका प्रश्नाला 108 सेकंद. एवढ्या वेळात विचार करता येत नाही, ओळखीचा नमुना फक्त आठवता येतो. म्हणून क्लासमध्ये नमुने पाठ करून घेतले जातात. ज्याला कल्पना समजली आहे त्याला हा सराव उपयोगी पडतो. ज्याला समजलेली नाही त्याच्या डोक्यात शंभर नमुने सुटे पडून राहतात आणि परीक्षेत एकही हाताला लागत नाही.

या वयाच्या मुलाला लिमिट लगेच कळले नाही, तर त्यात त्याचा दोष नाही. न्यूटन आणि लाइब्निट्स यांनी सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात कॅल्क्युलस उभे केले. 1734 मध्ये बिशप बर्कली यांनी त्याच्या पायावर बोट ठेवले: जी राशी आधी शून्य नाही म्हणून तुम्ही तिने भागता, तीच पुढच्या ओळीत शून्य कशी धरता? या प्रश्नाला पक्के उत्तर मिळायला एकोणिसावे शतक उजाडले. कोशी यांचा ग्रंथ 1821 चा, आणि वायरश्ट्रास यांनी त्याला पूर्ण काटेकोर रूप दिले ते त्यानंतर. युरोपातल्या थोर गणितज्ञांना ज्या शंकेने शंभर-दीडशे वर्षे छळले, ती शंका मागच्या बाकावरच्या मुलीला आली तर तिला शाबासकी द्यायला हवी. आपल्याकडे तिला ‘पुढे चल, पोर्शन राहिलाय’ असे सांगितले जाते.

कॅल्क्युलसमध्ये अडलेल्या मुलांना काय उपयोगी पडते, याचा एक नीट अभ्यास झालेला आहे. अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठात 1970 च्या दशकात युरी ट्राइसमन या तरुण गणितज्ञाला दिसले की कृष्णवर्णीय विद्यार्थी पहिल्या वर्षाच्या कॅल्क्युलसमध्ये मोठ्या संख्येने मागे पडतात. प्राध्यापकांना विचारले तर ठरलेली कारणे निघाली: जिद्द नाही, पूर्वतयारी कच्ची, घरचा आधार नाही, गरिबी. ट्राइसमन यांनी 20 कृष्णवर्णीय आणि 20 चिनी वंशाच्या विद्यार्थ्यांच्या अभ्यासाचे जवळून निरीक्षण केले. ही कारणे टिकली नाहीत. कृष्णवर्णीय मुले सांगितलेले तास इमानाने भरत होती, घरचे लोक पाठीशी होते. फरक एवढाच होता की ती एकटी अभ्यास करत होती. चिनी वंशाची मुले आधी आपापली गणिते सोडवत आणि संध्याकाळी एकत्र बसून उत्तरे ताडून पाहत, एकमेकांच्या चुका काढत. एखादे गणित कुणालाच सुटले नाही तर ते अवघड आहे, आपण ढ नाही, हेही त्यांना तिथेच कळे. ट्राइसमन यांनी मग कार्यशाळा सुरू केल्या. त्या ‘कच्च्या मुलांसाठी’ नव्हत्या. तिथे मुद्दाम अवघड गणिते देत, लहान गटांत बसवत आणि बोलायला लावत. निकाल चांगलेच सुधारले. 1992 मध्ये त्यांनी हे लिहून प्रसिद्ध केले.

आपल्या शिवारात याला सावड म्हणतात. आज तुझ्या रानात, उद्या माझ्या. एकट्याने आठवडाभर ओढायचे काम चार जण मिळून उरकतात आणि काम चालू असताना नवखा जाणत्याकडून हातोटी उचलतो. शेतात ही रीत मजुरीने मागे टाकली. अभ्यासात ती आणायला मात्र कुणाची परवानगी लागत नाही. चार मुले हवीत, आठवड्यातून दोन संध्याकाळी हव्यात, आणि एक नियम हवा: गणित आधी ज्याने त्याने स्वतः करून पाहायचे आणि मगच एकत्र बसायचे. हा नियम मोडला तर एक जण सोडवतो आणि तिघे उतरवून घेतात.

सोबतीचा दुसरा उपयोग म्हणजे गाडी नेमकी कुठे रुतली ते सापडते. बहुतेकदा ती कॅल्क्युलसमध्ये रुतलेलीच नसते. मूल एक्स अधिक एचचा वर्ग करताना एक्सचा वर्ग अधिक एचचा वर्ग एवढेच लिहिते आणि मधले पद गाळते. वर्गमूळ म्हणजे घातांक अर्धा, आणि तेच छेदात गेले की घातांक उणे अर्धा, हे त्याला पटकन दिसत नाही. साइनचा वर्ग आणि वर्गाचा साइन यांत ते गोंधळते, म्हणून चेन रूल पाठ असूनही चुकतो. या चुका आठवी ते दहावीतल्या आहेत. वहीत नुसते उत्तर चुकलेले दिसते. मूल मोठ्याने बोलत सोडवू लागले की चुकीची पायरी ऐकू येते. दहा गणिते अशी ऐकली की दुखणे कोणते ते शिक्षकाला, मोठ्या भावंडाला किंवा वर्गमैत्रिणीला सांगता येते. मग पंधरा-वीस दिवस विस्तारसूत्रे, घातांक आणि त्रिकोणमितीची नित्यसमीकरणे एवढेच करावे. बारावीत आठवीचे पुस्तक उघडण्यात कमीपणा नाही. जगाने बीजभूमितीतले अग्रणी मानलेले श्रीराम अभ्यंकर (1930–2012) शाळेतल्या बीजगणिताची थोरवी हिरिरीने मांडत. पुण्यातले भास्कराचार्य प्रतिष्ठान त्यांनी 1976 मध्ये सुरू केले. त्यांना जे बीजगणित मोलाचे वाटले, त्याकडे परत जाणे ही पीछेहाट कशी असेल?

आई-वडील म्हणतात, आम्हाला यातले काय कळतेय. कळायची गरज नाही. रात्री जेवणानंतर वीस मिनिटे मुलाजवळ बसावे आणि म्हणावे, ‘आज काय शिकलास ते मला सांग की.’ उत्तर तपासायचे नाही. ऐकता ऐकता ‘हे असं का केलंस?’ एवढे विचारायचे. सांगताना अडखळला की कुठे अडखळलो हे त्याचे त्यालाच उमगते. कालव्याच्या आवर्तनाचा हिशेब ज्या बापाच्या डोक्यात असतो, त्याने मुलाला विचारावे की पाणी चढते-उतरते असेल तर रात्रभरात रानात किती गेले ते तुझ्या गणितात कसे काढतात. त्या रात्री इंटिग्रेशन पुस्तकाबाहेर येईल. एवढे मात्र करू नये: शेजारच्या पोराचे मार्क सांगू नयेत, आणि भरलेल्या फीचा आकडा काढू नये. तो आकडा मुलाला पाठ असतो. त्याच्या ओझ्यानेच ते ‘मला समजत नाही’ हे तीन शब्द महिनोन्महिने गिळून बसलेले असते.

हे बोलणे मराठीत झाले तर बिघडत नाही. पेपर इंग्रजीत लिहायचा आहे, विचार इंग्रजीत करण्याची सक्ती नाही. बाळशास्त्री जांभेकरांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात याच विषयावर ‘शून्यलब्धिगणित’ हे मराठी पुस्तक लिहिले. त्याच्याही कितीतरी आधी, 1150 च्या ‘सिद्धान्तशिरोमणी’त, भास्कराचार्यांनी ग्रहाची तात्कालिक गती, म्हणजे त्या क्षणाची गती, काढली होती. त्यांच्या कार्याची आठवण सांगणारा शिलालेख चाळीसगावजवळ पाटण येथे आहे. हा विषय आपल्या भाषेला परका नाही. डेरिव्हेटिव्ह, लिमिट हे शब्द इंग्रजी राहू द्यावेत, त्यांच्याभोवतीचे वाक्य मराठी असावे.

एवढा खटाटोप कशासाठी, असेही विचारले जाते. ‘मॅथ्स सोड, बायो घे’ हा सल्ला तयार असतो. उत्तर इंदापूर तालुक्यातच आहे. वालचंद हिराचंद यांच्या उद्योगातून उभ्या राहिलेल्या वालचंदनगरच्या कारखान्यात साखर कारखान्यांची यंत्रे बनत आली आणि पुढे इस्रोच्या अग्निबाणांसाठी मोटरची कवचेही बनली. कवचाच्या भिंतीवर किती दाब येईल, इंधन जळत जाईल तसा अग्निबाणाचा वेग कसा बदलेल, ही सगळी गणिते याच विषयाची आहेत. उसाच्या रानांमधून जाणाऱ्या रस्त्यावर एसटीची वाट पाहणाऱ्या मुलीचा त्या कामावर पुरता हक्क आहे. ती स्वतः विचार करून जीवशास्त्राकडे वळली तर आनंदच आहे. पण एका सहामाहीच्या निकालाला घाबरून तिने ती वाट सोडू नये. दोन-तीन महिने योग्य मदत मिळाल्यावर आणि डोके शांत असताना हा निर्णय व्हावा.

मदत गणितापुरती पुरेशी नसते, अशीही वेळ येते. झोप उडाली, जेवण तुटले, मूल खोलीबाहेर येईना, ‘माझा काही उपयोग नाही’ असे म्हणू लागले, तर वही बंद करावी. टेलि-मानस ही सरकारी सेवा 14416 या क्रमांकावर मोफत आणि चोवीस तास मिळते. डॉक्टरांना दाखवण्यात संकोच करू नये. सीईटी पुन्हा देता येते.

शेवटी गावाने करायची गोष्ट. आपल्याकडे स्पर्धा परीक्षांसाठी गावोगावी अभ्यासिका उभ्या राहिल्या, हे चांगले झाले. त्या सगळ्यांच्या भिंतीवर ‘शांतता राखा’ अशी पाटी असते. पाठांतराला ती शांतता मानवते. गणिताला मात्र अशी एक खोली लागते जिथे बोलायला, वाद घालायला आणि फळ्यावर चुकायला मुभा असेल. बारामतीत 1962 पासून तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय आहे, 1972 पासून विद्या प्रतिष्ठान आहे, इंजिनिअरिंगची शेकडो मुले आहेत. दोन-तीन वर्षांपूर्वी हीच गणिते त्यांनी सोडवली आहेत आणि कुठे पाय घसरतो ते त्यांना अजून आठवते. आठवड्यातून एक संध्याकाळ त्यांनी सणसरला, अंथुर्णेला, काटेवाडीला यावे. ग्रामपंचायतीने किंवा शाळेने संध्याकाळी एक वर्ग उघडा ठेवावा. फळा, खडू, चार-पाच जणांचे गट आणि दर वेळी दोन खरोखर अवघड गणिते, एवढ्यावर काम सुरू होते. नवी इमारत लागत नाही, फीही लागत नाही. फेब्रुवारीत बोर्डाची परीक्षा आहे, म्हणजे हातात तीन महिने आहेत. दिवाळीची सुट्टी संपून मुले पुन्हा एसटीत बसायच्या आत ती पहिली संध्याकाळ ठरली पाहिजे.