दहा मिनिटांचे तीनशे रुपये

आमच्या घरी तीस वर्षांपूर्वीचे सेमी ऑटोमॅटिक वॉशिंग मशीन आहे. अम्मीने पै-पै साठवून घेतलेले. गेल्या पावसाळ्यात ते अडून बसले. बटण फिरवले की मोटर गुणगुणायची. पण कपडे टाकले की आतली चकती जागची हलत नसे आणि जळक्या रबराचा वास सुटे. एक मेकॅनिक आला. पत्रा न खोलताच म्हणाला, "मोटर जळली. २,००० रुपये लागतील." मी मान डोलावली. मशीनच्या पोटात काय चालते, हे मला कुठे ठाऊक!

अम्मीचे मन मात्र मानेना. तिने मोमिनपुऱ्यातल्या एका वयस्क कारागिराला बोलावले. १८७७ साली सुरू झालेल्या एम्प्रेस मिलमध्ये त्यांच्या वालिदांची उमर गेली. मिल बंद पडली, त्या जागेवर मॉल आला. हुन्नर मात्र घरात टिकले.

चाचांनी आधी प्लग काढला, मशीन आडवे केले, पत्रा खोलला. मोटरची लहान पुली आणि चकतीखालची मोठी पुली यांना जोडणारा बेल्ट सैल पडला होता. मोटर फिरत होती, पण तिची ताकद पुढे पोहोचत नव्हती. त्यांनी मोटरचे बोल्ट ढिले केले, लांबट भोकांमधून मोटर थोडी सरकवली आणि बेल्ट ताणून बोल्ट आवळले. अंगठ्याने बेल्ट मधोमध दाबून पाहिला. अर्धा इंच दबला. "याहून ताणला तर बेअरिंग खराब होईल. रबराला चीर पडली, तर यावरचा नंबर पाहून नवा आणा," ते म्हणाले.

मशीन फिरू लागले. चाचांनी ३०० रुपये सांगितले. माझ्या तोंडून निघून गेले, "दहा मिनिटांचे तीनशे?"

ते काही बोलले नाहीत. मी दिलेले २०० खिशात घालून निघाले. अम्मी म्हणाली, "दोन हजाराला तर मान डोलावली होतीस, बेटा!"

तेव्हापासून एक प्रश्न छळतो आहे. बिघाड मोठा सांगितला की दामही रास्त वाटतो. खरे सांगितले की आपण घासाघीस करतो. मग कारागीर खोटे बोलायला शिकला, तर त्या खोट्यात ग्राहकाचा वाटा नाही काय?

दुरुस्तीच्या हक्कासाठी केंद्र सरकारने जुलै २०२२ मध्ये समिती नेमली, त्याच डिसेंबरात पोर्टल सुरू केले. युरोपीय संघाने २०२४ मध्ये तसा कायदाही केला. सुटे भाग आणि माहिती मिळावी, हे योग्यच. पण पत्र्याआड खरोखर काय बिघडले, हे त्या घडीला फक्त कारागीर पाहतो. तेथे त्याचे इमानच साक्षीला असते, आणि त्या इमानाचा मोबदला देणे हे आपले काम आहे.

दुसऱ्या दिवशी उरलेले १०० रुपये घेऊन मी मोमिनपुऱ्यात गेलो. चाचांनी ते घेतले आणि म्हणाले, "पुढल्या वेळी दाम आधी विचारा. म्हणजे नंतर दोघांनाही शरमायला नको."