जुनें मंदिर पाडावें काय?

बाबेलांतून परतलेल्या लोकांनीं मंदिराचा पाया पुन्हां घातला तेव्हां शलमोनाचें मंदिर पाहिलेले वृद्ध मोठ्यानें रडले व इतरांनीं जयघोष केला, असें एज्राच्या पुस्तकांत आहे. रडणें कोणतें व जयघोष कोणता, हें ऐकणाऱ्यांस ओळखूं येईना.

लातूर व नांदेड जिल्ह्यांतील मंडळ्यांस हा प्रसंग परका वाटूं नये. जेथें जुनें प्रार्थनामंदिर आहे तेथें आज ना उद्यां प्रश्न उठतोच, कीं वडिलांनीं बांधलेलें पाडावें कीं राखावें? बहुधा वृद्ध एका बाजूस असतात व तरुण दुसऱ्या. वृद्ध म्हणतात, हे दगड आमच्या बापांनीं डोक्यावर वाहिले. हें बोलणें हंसण्यावारीं नेण्याजोगें नाहीं.

परंतु ३० सप्टेंबर १९९३ ची पहांट आमच्या प्रांतानें पाहिली आहे. आदल्या दिवशीं अनंतचतुर्दशी होऊन गांवें दमून निजलीं होतीं. चार वाजण्याच्या सुमारास किल्लारीच्या आसपास भूमि हालली व सुमारें दहा हजार माणसें मरण पावलीं. त्यांतील बहुतेकांस स्वतःच्या घरांनींच गाडलें. दोन-तीन फूट रुंदीची भिंत म्हणजे घराण्याची अब्रू. पण तिच्या आंतल्या व बाहेरल्या थरांस जोडणारें मातीवांचून कांहीं नव्हतें. शिवाय माळवद गळूं नये म्हणून वर्षानुवर्षें त्यावर मातीची भर पडत गेलेली. पूर्वजांचें प्रेम खरें होतें, पण तेवढ्यानें भिंत बळकट होत नाहीं.

जागेविषयींही बोललें पाहिजे. आपल्यापैकीं पुष्कळांचे पूर्वज गांवकुसाबाहेर राहत. म्हणून प्रार्थनेची जागाही तेथेंच मिळाली. ती त्यांनीं निवडली नव्हती. भूकंपानंतर बावन्न गांवें नव्या जागीं वसविलीं गेलीं, सरळ रस्ते आंखले गेले. मात्र घर देतांना जमीन पाहिली गेली: भूमिहीनांस व एक हेक्टरपर्यंतच्यास २५० चौरस फूट, सात हेक्टरांवरच्यास ७५०. जुनें कूस गेलें खरें, माप मात्र राहिलें.

मराठवाड्यांतच जालन्याजवळ रेव्हरंड नारायण शेषाद्रि यांनीं गेल्या शतकापूर्वींच्या शतकांत सर सालारजंग यांच्या कारकीर्दींत जमीन मिळवून ख्रिस्ती लोकांचें स्वतंत्र गांव वसविलें व त्यास बेथेल नांव दिलें. मूळच्या बेथेलांत याकोबापाशीं उशाच्या एका धोंड्याखेरीज कांहीं नव्हतें; ना भिंत, ना छप्पर. तरी त्यानें त्या जागेस देवाचें घर म्हटलें.

म्हणून सर्वच पाडावें असें माझें म्हणणें नाहीं. शेजारच्या गांवीं उंच मनोरा झाला म्हणून आपलें पाडूं पाहणाऱ्या तरुणांचा मला वृद्धांहून अधिक राग येतो. (सिमेंटाच्या पत्र्याखालीं मे महिन्यांतील उपासना ज्यानें अनुभवली आहे त्यास जुन्या भिंतींचा गारवा आठवेलच.) माळवदावरची माती कमी करितां येते, भिंतीच्या आरपार लांब दगड बसवून दोन्ही थर बांधितां येतात, वरून चहूंकडे पट्टा फिरवितां येतो. भूकंपानंतर या भागांत हे उपाय शिकविले गेले व त्यांस नव्या इमारतीहून खर्च थोडा. तेंही होण्याजोगें नसेल तर दगड उतरवून नव्या जोत्यांत घालावे.

पंचांनीं ठराव करण्यापूर्वीं एखाद्या रविवारीं शाळेच्या वेळीं आंत जाऊन पाहावें. लहान मुलें त्याच भिंतीस पाठ टेंकून बसलेलीं असतात.