वाचलेल्या विजेचा धनी
२०१८ च्या ‘इको निवास संहिते’ने नव्या घरांच्या भिंती-छपरांतून किती उष्णता आत शिरू द्यावी याची मर्यादा घालून दिली. पण ती संहिता उंबरठ्यापाशीच थांबली. गेल्या वैशाखात भोपाळमधील माझ्या जुन्या घराची गच्ची मी चुन्याने पांढरी करून घेतली; खोली निवली, तसा शीतयंत्र अधिकच थंड करून बसलो. वीजबिल होते तेवढेच राहिले! काटकसरी यंत्रांनी कोळशाचा खप वाढतो, असे जेव्हन्सने १८६५ सालीच बजावले होते. मग वाचलेली वीज कोणाची? पैसे मी मोजले, तेव्हा कायद्याने माझी. परंतु यंत्राचा उष्ण झोत मागल्या बोळात जातो. तेथे पत्र्याखाली एक भाडेकरू कुटुंब राहते. छप्पर मालकाचे, उकाडा त्यांचा. नंदादीपाखेरीज सारे दिवे मालवून निजणाऱ्या माझ्या आजीपुढे कायद्याचा हा युक्तिवाद मांडण्याचे धैर्य मला झाले नसते.