भाऊजींचं लग्न

प्रश्न : आमच्या धाकट्या भाऊजींनी मला एकटीलाच सांगितलं, "वहिनी, मला पुरुष आवडतात. माझ्यासाठी मुली बघू नका." मग मोबाइलवर आयर्लंडचे माजी पंतप्रधान वराडकर यांची मुलाखत दाखवली. इकडे कांदा काढून झाला की मुली बघायच्या, असं सासूबाईंनी ठरवलंय. गप्प राहिले तर मला पाप लागेल का? आणि पुरुषापुरुषांच्या लग्नांना कायद्याने मान्यता दिली तर धर्म बुडणार नाही का?
— एक वहिनी, अवसरी बुद्रुक

उत्तर : ताई, विश्वासाने सांगितलेली गोष्ट पोटात ठेवण्यात पाप नाही. पण सुपारी फुटली आणि सगळं ठाऊक असून तुम्ही त्या पोरीला हळद लावायला पुढे झालात, तर ते पाप. सप्तपदीतला शब्द खोटा आहे हे नवरदेवाला माहीत, तुम्हाला माहीत, फक्त तिला नाही! महत्त्वाची गोष्ट लपवून मिळवलेल्या संमतीवर हिंदू विवाह कायद्याच्या कलम १२ खाली विवाह रद्द होऊ शकतो. पण कुणाच्या लेकीवर कोर्टाची पायरी चढायची वेळ आणायचीच कशाला? स्थळं थांबवा. 'लग्न झालं की येईल ताळ्यावर' हेही मनातून काढा. समलिंगी असणं हा आजार नव्हे, असं भारतीय मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनेही २०१८ मध्ये स्पष्ट केलं आहे.

आता धर्माचं. त्यासाठी भाऊजींनी दाखवलेल्या वराडकरांचंच बघा. लिओ वराडकरांचे वडील मालवण तालुक्यातल्या वराडचे, आई आयरिश, घरचे संस्कार कॅथलिक. आरोग्यमंत्री असताना, १८ जानेवारी २०१५ ला, छत्तिसाव्या वाढदिवशी त्यांनी रेडिओवर आपण समलिंगी असल्याचं सांगितलं. समलिंगी लोकांशी संबंधित विषय मंत्रिमंडळापुढे येणार, तेव्हा आपल्या निर्णयामागे काही छुपं आहे असं लोकांना वाटू नये, आणि स्वतःच्या देशात आपल्याला बरोबरीचा नागरिक व्हायचंय, असं त्यांचं म्हणणं. हेच गृहस्थ २०१० मध्ये संसदेत, प्रत्येक मुलाला आई आणि बाप दोघंही मिळण्याचा हक्क आहे, असा आग्रह धरत होते. माणूस बदलतो, तोही सभागृहात बसलेला. मला हे विशेष वाटतं.

समलिंगी विवाहाला मान्यता द्यावी का, यावर आयर्लंडमध्ये झालेल्या २२ मे २०१५ च्या सार्वमतात सुमारे ६२ टक्के लोकांनी होकार दिला. चर्चचा विरोध होता. पण अशी लग्नं लावायची सक्ती कुणा पाद्र्यावर झाली नाही. प्रश्न सरकारी नोंदीचा आणि हक्कांचा होता. आपल्याकडे सुप्रिया सुळे यांनी २०२२ मध्ये लोकसभेत खासगी विधेयक मांडलं, तेही विशेष विवाह कायद्यात बदल मागणारं. होमाशी आणि मंगलाष्टकांशी त्याचा संबंध नव्हता. १७ ऑक्टोबर २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने अशा विवाहाला मान्यता द्यायला नकार दिला आणि विषय संसदेवर सोडला. म्हणजे उद्या भाऊजींना जोडीदार मिळाला, तरी वारसा हक्काला किंवा दवाखान्यातल्या सहीला कायद्याचं पाठबळ नाही. यातून धर्म कसा वाचतो, ते मला तरी उमगलेलं नाही.

गाव काय म्हणेल, ही तुमची खरी धास्ती असावी. डिसेंबर २०१९ मध्ये वराडकर आईवडील, बहिणी आणि आपल्या जोडीदारासह वराडला आजोबांच्या घरी आले, तेव्हा गावाने त्यांचा सत्कार केला. अर्थात पंतप्रधानाचा सत्कार कुणीही करतं, म्हणून सासूबाईंपुढे हा दाखला काढू नका. आईला कधी सांगायचं ते भाऊजींना ठरवू द्या, तुम्ही फक्त शेजारी बसा. म्हातारपणी माझ्या लेकाला कोण बघणार, हे त्या विचारतीलच. त्याचं उत्तर भाऊजींकडून आधी घेऊन ठेवा.