दोन मिनिटांचं काम

कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एका वर्कशॉपमध्ये ॲल्युमिनियमच्या ओतीव भागांना बेल्ट ग्राइंडरवर फिनिशिंग करून देत. त्या मशीनवर मिस्त्रींनी लाल रंगात लिहून ठेवलं होतं, 'फक्त ॲल्युमिनियम'. लोखंडाला कोपऱ्यातलं दुसरं मशीन. निम्मा दिवस एक मशीन नुसतंच उभं, हे मालकाला खटकायचं.

मिस्त्रींचं म्हणणं सरळ होतं. लोखंड घासलं की ठिणगी उडते, ॲल्युमिनियम घासलं की पिठासारखी भुकटी. दोघांची गाठ पडू द्यायची नाही. चीनमध्ये कुनशानला 2014 साली ॲल्युमिनियमची चाकं पॉलिश करणाऱ्या कारखान्यात साचलेल्या भुकटीचा स्फोट झाला, 146 माणसं गेली, हे ते प्रत्येक नव्या पोराला सांगत. पोरं मोबाईलवर बोटं फिरवत हं हं करत. खरं ऐकत होती ती झाडलोट करणारी मावशी. रोज सकाळी मशीनची पेटी मऊ ब्रशने झाडायची, हवेच्या पाईपने उडवायची नाही, लाल बादलीतली वाळू अधूनमधून उन्हात वाळवून परत भरायची, हे काम तिच्याकडे. तिला ते एकदाच सांगावं लागलं.

चैत्रात मिस्त्री जोतिबाच्या यात्रेला गेले. दुपारी एक गिऱ्हाईक लोखंडी पिन घेऊन दारात. "जरा टोक घासून दे की रं." दुसऱ्या मशीनचा पट्टा नेमका तुटलेला. दोन मिनिटांचं तर काम, म्हणून पोराने पिन ॲल्युमिनियमच्या मशीनवर धरली. ठिणग्या सरळ धूळ ओढणाऱ्या पंख्याच्या तोंडात गेल्या. मागची पिशवी आधी काळवंडली, मग डोळे दिपतील अशी पांढरी पेटली. पोरगा पाण्याची बादली घेऊन धावला.

"पाणी नको! आधी बटण बंद कर!" मावशी ओरडली.

पेटत्या ॲल्युमिनियमवर पाणी पडलं की हायड्रोजन सुटतो आणि आग भडकते. मावशीला हायड्रोजन ठाऊक नव्हता. पाणी चालत नाही, एवढं पक्कं ठाऊक होतं. तिने लांब दांड्याच्या फावड्याने कोरडी वाळू कडेकडेने हळूच सोडली. फेकली असती तर भुकटीचा लोट उठला असता आणि तोच पेटला असता. वाळूचा थर पुरता बसेपर्यंत तिने कुणाला जवळ येऊ दिलं नाही.

"नशीब बलवत्तर," मालक म्हणाले.

दुसऱ्या दिवशी कपाळावरचा गुलाल न पुसताच मिस्त्री आले. त्यांनी पेटी उघडून आत हात फिरवला. बोटांना जेमतेम भुकटी लागली. "नशीब कसलं, मालक? काल सकाळी हिनं पेटी झाडली नसती तर नुसत्या पिशवीवर भागलं नसतं."

पोराला कामावर ठेवलं, पण पहिला महिनाभर पेटी झाडायला मावशीच्या हाताखाली. मावशीचा पगार त्या महिन्यापासून मशीनवरच्या कामगाराइतका झाला.