उपदेशाचा अधिकार

फ्रान्समधील रँस या नगरीत १६८० नंतरच्या काळात काही दरिद्री शाळामास्तरांनी आपल्या आश्रयदात्याला निरुत्तर केले. झाँ-बाप्तिस्त द ला साल (१६५१–१७१९) हा तो आश्रयदाता. धर्मशास्त्रातील डॉक्टर, घरचा संपन्न, शिवाय तेथील महामंदिरात कॅनन या मानाच्या व नियत उत्पन्नाच्या पदावर. गरिबांच्या मोफत शाळांचे काम १६७९ साली जवळजवळ अनपेक्षितपणे त्याच्या गळ्यात पडले. आरंभी या मास्तरांना आपण आपल्या खासगी सेवकाहूनही खालचे समजत होतो, असे त्यानेच पुढे लिहून ठेवले आहे. १६८१ मध्ये मात्र त्याने त्यांना आपल्याच घरी राहावयास आणले. आप्तेष्टांना हे मुळीच रुचले नाही.

शाळा बुडाली तर उद्याची सोय काय, ही मास्तरांची चिंता होती. ईश्वरावर भार टाका, असे तो सांगे. त्यावर त्यांनी त्याला ऐकविले, की आपल्याला वृत्ती आहे, इस्टेट आहे. शाळा बुडाली तरी आपण बुडणार नाही, बुडू ते आम्ही.

१६८३ मध्ये त्याने कॅननपद सोडले आणि ते भावाला न देता एका गरीब धर्मोपदेशकाला देवविले. पाठोपाठ दुष्काळ आला, तेव्हा बहुतेक सारी संपत्ती त्याने भुकेलेल्यांच्या भाकरीत घातली.

येथे माझ्यासारखा, निवृत्तिवेतनाचा हिशेब पाठ असलेला मनुष्य अडखळतो. त्याच धनाचा शाळांसाठी कायम निधी करता आला असता. मास्तरांचे भय त्याने दूर केलेच नाही. स्वतःला तेवढे त्या भयात त्यांच्या पंगतीला बसविले. याला न्याय म्हणावे काय? मला वाटते, न्याय नव्हे. पण त्यावाचून त्याचा एकही शब्द खरा ठरला नसता. शाळा तर टिकल्या. लॅटिनऐवजी आधी मातृभाषेत वाचन, आणि एकेका मुलाऐवजी सबंध वर्गाला एकत्र पाठ, ही त्याची रीत दूरवर पसरली.

परमुलखात नोकरी करणारे आपण हाताखालच्या हंगामी माणसाला ‘धीर धरा, होईल सारे ठीक’ असे किती सहज सांगतो! बदलीच्या एका गावी मीही एका कारकुनाला असेच सांगितले होते. माझी नेमणूक कायम होती. तो काहीच बोलला नाही. टेबलावरील फाईल उचलून आपल्या जागी गेला.