दुसऱ्याच्या वाट्याचे वैराग्य



चाळीस-पंचेचाळीस वर्षे कीर्तनाला उभा राहिलो. अभंग घ्यायचा, त्याचे एकेक चरण सोडवायचे, प्रमाणे द्यायची आणि शेवटी सिद्धान्त ठेवायचा, ही जिभेला लागलेली सवय. आता आवाज साथ देत नाही म्हणून कीर्तन थांबवले. आज अभंग घेत नाही, एक प्रश्न घेतो. तो माझ्याच घरात उभा राहिला आहे, पण आपल्यातल्या बऱ्याच घरांत तो असेल. आईवडिलांच्या जागेवर मुलाने नवे घर बांधायला घेतले, तर त्या घरात आईवडिलांचे ठिकाण कोणी ठरवायचे?

आमचे गाव फलटण तालुक्यातले, पालखीच्या वाटेपासून थोडे आत. घर १९८४ सालचे, मीच बांधलेले. आता स्लॅबच्या सळया गंजून फुगल्या आहेत, पावसाळ्यात खपल्या पडतात. घर पाडून नवे बांधणे भाग आहे, याबद्दल वाद नाही. यंदा दिवाळीला मुलगा पुण्याहून आला तो नकाशा घेऊनच. सतरंजीवर कागद पसरला. खाली दिवाणखाना, स्वयंपाकघर, गाडीची जागा. वर तीन खोल्या. आणि मागच्या बाजूला, परसाकडे, दहा बाय दहाची एक खोली. त्या खोलीवर बोट ठेवून तो म्हणाला, "दादा, ही तुमची आणि आईची. मागे आहे, गलबला नाही. पोथी वाचायला बरी."

त्याने ते प्रेमाने सांगितले, यात मला शंका नाही. मी म्हणणार होतो, "आम्हाला काय रे, एक कोपरा पुरे." शब्द ओठापर्यंत आले आणि थांबले. कारण ते शब्द माझे नव्हतेच. ते माझ्या वडिलांचे होते.

१९८४ च्या आधी या जागेवर पाच खणांचे माळवदाचे घर होते. पुढे लांबलचक ओसरी. वडिलांचे सगळे आयुष्य त्या ओसरीवर गेले म्हटले तरी चालेल. पहाटेचा हरिपाठ तिथे, आल्यागेल्याचे पाणी तिथे, गावातल्या भांडणाचा निवाडाही तिथेच. वारीच्या दिवसांत घाटाकडून एक लहानशी दिंडी लोणंदला माउलींच्या सोहळ्यात मिळायला जायची, तिचा एका रात्रीचा उतारा आमच्या ओसरीवर असे. पण माळवद दर पावसाळ्याला माती मागायचे आणि तरी गळायचे. मी तेव्हा चौतीस वर्षांचा, कीर्तनाला बिदागी मिळू लागलेली. स्लॅबचे घर काढले. मिस्त्री म्हणाला, ओसरी आत घेतली तर दर्शनी खोली मोठी होईल. मी वडिलांना विचारले. ते म्हणाले, "मला काय, एक कोपरा पुरे."

मी ती संमती धरली. एवढ्यावर थांबलो नाही. पुढे कित्येक वर्षे हे वाक्य मी कीर्तनात वैराग्याचा दृष्टान्त म्हणून सांगितले. माझा बाप कसा विरक्त होता, त्याने घरातला एक कोपरा मागितला. लोक डोळे पुसायचे.

जे सांगत नव्हतो ते आज लिहितो. नव्या घरात राहायला गेल्यापासून वडील सकाळी उठून मारुतीच्या देवळाच्या पारावर जाऊन बसायचे, ते दिवेलागणीला परत यायचे. सहा वर्षे, देह ठेवीपर्यंत. पहिल्या वारीला दिंडी नेहमीप्रमाणे दारात आली. उतरायला जागा दिसेना, म्हणून ती शाळेकडे वळली. वडील डोक्यावर पाण्याचा हंडा घेऊन शाळेच्या व्हरांड्यात गेले आणि रात्रभर तिथेच राहिले. मला एका शब्दाने बोलले नाहीत. ते न बोलणेही मी वैराग्यातच जमा केले. आणि आई? तिला तर कोणी काही विचारलेच नव्हते.

आता पूर्वपक्ष नीट मांडू या. कोणी म्हणेल, महाराज, वारकऱ्याला घराचे एवढे काय? गीतेच्या बाराव्या अध्यायात भगवंतांनी आवडत्या भक्ताच्या लक्षणांत 'अनिकेत' हा शब्द घातला आहे. ज्याला घर नाही तो भक्त. मग म्हाताऱ्या आईबापाने खिडकी कुठे, ओसरी किती फुटांची, असे मोजत बसणे शोभते का? आणि मुलाला त्याचा संसार आहे, मुले आहेत. पैसा त्याचा, कर्ज त्याचे. त्याच्या सोयीने घर होऊ द्यावे.

या पूर्वपक्षात खोटे काही नाही. फक्त एक गोष्ट निसटली आहे. अनिकेत हे भक्ताचे लक्षण आहे. ते त्याच्या आत उमलते. घरात राहूनही घराचा अभिमान गळाला तर तो अनिकेतच. पण एकाने दुसऱ्याला अनिकेत करता येत नाही. मुलाने बापाची जागा काढून घेतली आणि बाप पारावर जाऊन बसला, तर तो बाप विरक्त झाला असे होत नाही. तो बेघर झाला. वैराग्य ज्याचे त्याने घ्यायचे असते. दुसऱ्याच्या वाट्याचे वैराग्य आपण घेऊ लागलो की त्याला वैराग्य म्हणत नाहीत, दुसरे नाव आहे.

तुकोबारायांचे चरित्र पाहा. घरात सावकारी होती, लोकांच्या नावची कर्जखते होती. ती बुडवायची असे तुकोबांच्या मनाने घेतले. सगळी खते त्यांच्या हातात होती, थोरलेपण होते. तरी परंपरा काय सांगते? अर्धी खते धाकट्या भावाला, कान्होबांना, दिली आणि आपल्या वाट्याची अर्धी तेवढी इंद्रायणीत सोडली. एवढा मोठा विरक्त, पण भावाच्या वाट्याचे एक खत बुडवले नाही. त्या त्यागाची झळ जिजाईंना लागली, हेही परंपरा लपवत नाही. म्हणूनच गृहस्थाने त्याग करताना हात जपून चालवावा.

दुसरे प्रमाण माउलींच्या घरातले. विठ्ठलपंतांना संन्यास घ्यायचा होता. पत्नीची अनुज्ञा हवी. रुक्मिणीबाई ती देईनात. मग त्यांचे चित्त दुसरीकडे असताना पंतांनी जाऊ का म्हणून विचारले, त्या सहज जा म्हणाल्या, आणि तेवढ्या शब्दावर ते काशीला निघून गेले, असे सांगतात. पुढे गुरू आळंदीला आले, रुक्मिणीबाईंनी नमस्कार केला, पुत्रवती होण्याचा आशीर्वाद मिळाला आणि खरी गोष्ट बाहेर पडली. गुरूंनी काय केले? शब्द मिळाला होता ना, असे म्हणून सोडून दिले नाही. शिष्याला परत गृहस्थाश्रमात धाडले. संन्यासासारखी थोर गोष्ट, तीसुद्धा बेसावध क्षणी घेतलेल्या होकारावर उभी राहिली नाही. मग आपले स्लॅबचे घर कसे उभे राहील?

आपल्याकडे बेसावध होकार फार घेतले जातात. बँकेला कर्जासाठी जागा तारण लागते, जागा वडिलांच्या नावावर, म्हणून एखाद्या सकाळी गडबडीत तालुक्याला नेऊन बक्षीसपत्र होते. कागदात काय आहे ते म्हाताऱ्याला घरी आल्यावर कळते. बहिणीची हक्कसोडीवरची सही भाऊबीजेच्या ताटाशेजारी घेतली जाते. ओवाळून झालेली बहीण नाही कशी म्हणणार? वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतका हक्क महाराष्ट्राने १९९४ मध्ये दिला आणि २००५ मध्ये तो देशभर झाला. सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली जागा, सांभाळ झाला नाही तर परत मिळवण्याची वाट २००७ च्या ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्यात आहे. ती अट कागदात स्पष्ट लिहून घ्यावी, हे मी प्रत्येक म्हाताऱ्याला सांगतो. पण कायदा भांडण झाल्यावर उपयोगी. भांडण न होता मनात कुढत बसलेल्या माणसाला तो काय देणार?

म्हणून उत्तर शोधायला पंढरीलाच जावे लागते. आपण चंद्रभागेचे स्नान करून आधी पुंडलिकाचे दर्शन घेतो, मग विठोबाचे. त्या क्रमाचा अर्थ घर बांधणाऱ्याने मनात धरावा. देव दारात आला तेव्हा पुंडलिक आईवडिलांच्या सेवेत होता. त्याला दोन गोष्टी सहज करता आल्या असत्या. आईवडिलांना म्हणता आले असते, जरा बाजूला सरका, मोठा पाहुणा आला आहे. तसे म्हटले असते तर कोणी दोष दिला नसता, साक्षात देव होता. किंवा देवाला माघारी धाडता आले असते. त्याने दोन्ही केले नाही. देवाला एक वीट दिली आणि थांबायला सांगितले. देव थांबला, अठ्ठावीस युगे थांबला आहे. पंढरीच्या वैभवाची पहिली वीट ती. आईवडील जिथे होते तिथेच राहिले आणि वीट त्यांच्याभोवती जागा पाहून टाकली गेली. आपण उलटे करतो. आधी विटा रचतो आणि उरलेल्या जागेत आईवडिलांना बसवतो.

आता मुलांची बाजू. ती सांगितली नाही तर मी अर्धेच बोललो असे होईल. वडिलांनी मला "कोपरा पुरे" म्हटले, ते खरे नव्हते. त्यांना ओसरी हवी होती. मुलाकडे मागायची लाज वाटली, म्हणून वैराग्याचा शब्द पुढे केला. मला दोष आहेच, पण सत्य त्यांनीही झाकले. आपण म्हातारी माणसे हे फार करतो. तोंडाने सोडतो आणि मनाने धरून बसतो. मुलाला वाटते आईबाप सुखात आहेत. त्याला कळणार कसे? काही जण याच्या उलट करतात, जागा आपल्या नावावर आहे म्हणून मुलाला खिळासुद्धा ठोकू देत नाहीत. ती ममता आहे, तिला संतांनी कधी चांगले म्हटले नाही. सोडायचे असेल तर मोकळ्या मनाने सोडावे. हवे असेल तर सरळ सांगावे. खोटे वैराग्य मुलाला नकळत पापात ढकलते.

म्हणून त्या दिवशी मी नकाशाची घडी घातली आणि म्हणालो, "दोन दिवस थांब." रात्री हिला विचारले. लग्नाला बावन्न वर्षे झाली. घराबद्दल तिला काय हवे हे मी पहिल्यांदा विचारत होतो. ती आधी म्हणाली, "मला काय, तुम्ही म्हणाल ते." मी पुन्हा विचारले. मग म्हणाली, "तुम्ही कोपरा पुरे म्हणणार होता, ते मला दिसत होतं. तुम्हाला पुरेल. तुमचं पोथीत निघून जातं. मी दिवसभर त्या मागच्या खोलीत भिंतीकडे बघत बसू का? मला भाजी निवडताना रस्ता दिसला पाहिजे. आणि रात्री मोरीला जाताना भिंत धरायला पाहिजे, पायरी नको."

म्हणजे मी पुन्हा तेच करायला निघालो होतो. या वेळी वैराग्य माझे असते आणि कोपरा तिच्या वाट्याला आला असता.

दुसऱ्या दिवशी मुलीला फोन लावून तिलाही बोलणीत घेतले. मग आम्ही उभयतांनी मुलाला सरळ सांगितले. खोली पुढे, पूर्वेला. तिला लागून आठ फूट रुंदीची ओसरी. मोरी खोलीशेजारी, उंबऱ्याशिवाय. बाकी घर त्याच्या मनासारखे, त्यात आमचा शब्द नाही. तो दोन दिवस नाराज होता. त्याची वरची एक खोली गेली, जिथे तो कामासाठी बसणार होता. त्याचे ते नुकसान खरे आहे आणि मी ते लहान मानत नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "दादा, हे आधी का नाही बोललात? मला वाटलं तुम्हाला शांतता पाहिजे." त्याने विचारले नव्हते, आम्ही सांगितले नव्हते. दोष समसमान.

सिद्धान्त एवढाच. घर बांधणाऱ्याने आईबापांना विचारावे, दोघांना वेगवेगळे विचारावे, आणि पहिल्या "मला काय"वर थांबू नये. आईबापांनी खरे तेच सांगावे. बहिणीला सणाच्या ताटापाशी गाठू नये. त्याग आपापल्या वाट्याचा करावा.

फाल्गुनात पायाचे काम सुरू होईल. ओसरीची जागा चुन्याने आखून झाली आहे. ज्या दिंडीसाठी ती होती, तिचे जुने वारकरी आता राहिले नाहीत, नव्यांना शाळेची सवय झाली आहे. यंदा वारीला शाळेत जाऊन त्यांना सांगणार आहे, पुढच्या वर्षी जागा आहे. येतील, न येतील. वडिलांना मात्र आता काही विचारता येत नाही.

रामकृष्ण हरी.